हलणारे दात आणि न हलणारी खुर्ची

मुंबई-ठाण्याच्या कोणत्याही उपनगरात स्टेशनापासून घरापर्यंत चालत निघालो, तर वाटेत दातांचे चार-पाच दवाखाने सहज लागतात. पूर्वी त्यांच्या पाट्यांवर ‘दात काढणे, दात बसवणे, चांदी भरणे’ एवढाच मजकूर असे. आता पाट्या बदलल्या आहेत. ‘हिरड्यांवर बिनटाक्याचा इलाज’, ‘लेझरने पायोरिया बरा’ अशी आश्वासने काचेवर चिकटवलेली असतात. त्यांतली काही खरी आहेत, काही अर्धी खरी. या पाट्यांपासून शे-सव्वाशे किलोमीटरवर, कसाऱ्याचा घाट बाजूला ठेवून विहीगावावरून आत वळले की मोखाडा तालुक्यातले खोडाळा लागते. बँकेच्या नोकरीत काही वर्षे या भागात माझी ये-जा होती आणि आजही अधूनमधून जाणे होते. हिरड्यांच्या रोगाविषयी गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगाने जे शिकून घेतले, त्यातले खोडाळ्यापर्यंत काय पोचू शकते आणि जे पोचू शकते ते का पोचत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

पायोरिया हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की तो मूळ ग्रीक आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पू वाहणे, एवढाच त्याचा अर्थ. वस्तुतः हा दाताचा रोग नव्हेच. दाताला धरून ठेवणाऱ्या जागेचा रोग आहे. दातावर जंतूंचा चिकट थर रोज बसतो. तो रोज निघाला नाही, की लाळेतल्या क्षारांनी त्याचा दगड होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. हिरडी सुजते, दात घासताना रक्त येते. इथपर्यंतचा रोग पूर्णपणे मागे फिरतो. पुढे मात्र हिरडी आणि दात यांच्यामधली फट खोल होत जाते. निरोगी तोंडात ही फट एक ते तीन मिलिमीटर असते. ती चार, पाच, सहा झाली म्हणजे आत हाडाचा आधार झिजू लागला असे समजावे. गेलेले हाड सहसा आपणहून परत येत नाही. आणि या साऱ्या प्रकारात फारसे दुखतच नाही! किडलेला दात रात्रभर झोपू देत नाही, म्हणून माणूस सकाळी दवाखाना गाठतो. हिरडी बिनबोभाट जाते. बँकेत काही खाती अशी असतात. कोणी तक्रार करत नाही, कोणी दारात येत नाही, आणि एक दिवस कळते की मुद्दलच उरलेले नाही.

हे जंतूंच्या थराचेच काम आहे, हे फार साध्या प्रयोगाने सिद्ध झाले. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस येथे हॅराल्ड ल्यो या दंतशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. एवढ्या स्वस्तात एवढा मोठा निष्कर्ष वैद्यकात क्वचितच निघाला असेल.

पण हिरडी सुजलेल्या प्रत्येकाचे दात पडतात काय? त्याचे उत्तर ल्योनेच पुढे श्रीलंकेत शोधले. १९७० साली तिथल्या दोन चहामळ्यांवरील ४८० पुरुष मजुरांची तोंडे तपासण्यात आली. या मजुरांनी ब्रश पाहिलेला नव्हता, दाताचा डॉक्टर पाहिलेला नव्हता. पुढची पंधरा वर्षे त्यांना पुन्हा पुन्हा तपासले. हिरड्या बहुतेक सगळ्यांच्याच सुजलेल्या होत्या. परंतु शंभरांतल्या आठ जणांचा रोग झपाट्याने वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे सगळे दात गेले. एक्याऐंशी जणांचा रोग बेताबेताने वाढला. उरलेल्या अकरा जणांचे काहीच बिघडले नाही. म्हणजे सर्वांना सारखा इलाज देण्यापेक्षा त्या आठ जणांना तिशीच्या आत हुडकून काढणे हे खरे काम. खोडाळ्याचा विचार करताना मला हा चहामळा वारंवार आठवतो.

आता त्या पाट्यांकडे वळू. पूर्वी खोल गेलेल्या पायोरियावर शस्त्रक्रिया म्हणजे चार-सहा दातांभोवतीची हिरडी पाकिटासारखी उघडायची, मुळे आणि हाड साफ करायचे, पुन्हा शिवायचे. सूज, वेदना, आणि बरी झाल्यावर खाली सरकलेली हिरडी. दात आधीपेक्षा लांब दिसत. १९९०च्या दशकात अमेरिकेत लहान छेद घेऊन हे काम करण्याची सुरुवात झाली. पुढे २००७ मध्ये कोर्तेलिनी आणि तोनेत्ती या इटालियन शल्यचिकित्सकांनी सूक्ष्मदर्शकाखाली, दोन दातांमधल्या हिरडीच्या छोट्याशा त्रिकोणापुरताच छेद घ्यायची पद्धत मांडली आणि दोन वर्षांनी ती आणखी आवरती केली. एक नाजूक टाका, थोडी सूज, लवकर भरून येणे. कौतुक करावे असेच हे काम आहे. मात्र ते सर्वांसाठी नाही. हाडात विशिष्ट आकाराचा खड्डा पडलेला असेल, तोंड स्वच्छ असेल, तंबाखू सुटलेली असेल, तरच त्याचा उपयोग.

लेझरचे काय? युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने २०२० मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत जिना आहे. पहिली पायरी, घासायला नीट शिकवणे आणि तंबाखू-मधुमेहाकडे पाहणे. दुसरी, हिरडीच्या आतले कीटण खरवडून काढणे. मग काही आठवडे थांबून पुन्हा मोजमाप. तरीही सहा मिलिमीटर किंवा त्याहून खोल फट उरली तर तिसरी पायरी, शस्त्रक्रिया. दुसऱ्या पायरीवर जोडीला लेझर वापरू नये असेच त्यांचे मत पडले, कारण त्याने विशेष भर पडते असा भक्कम पुरावा त्यांना दिसला नाही. या तत्त्वांतली आणखी एक गोष्ट मला पाट्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. कीटण विजेवर कंप पावणाऱ्या यंत्राने काढा की हातातल्या अवजारांनी, परिणाम सारखाच मिळतो. जिथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तिथे या एका वाक्याची किंमत फार आहे.

आणि कमीत कमी इजा करण्याची ही बुद्धी काही इटलीतच उपजली असे नाही. सुश्रुताने दाताच्या मुळाशी होणारे रोग वेगळे मोजले आहेत. दातावरच्या दगडाला त्याने दंतशर्करा म्हटले, ती काढायला दंतशंकू नावाचे अवजार सांगितले, आणि ती काढताना वैद्याने मुळांना इजा होऊ देऊ नये अशी अटही घातली. (आपल्याकडे सारे होतेच, असे म्हणून स्वस्थ बसण्यासाठी मी हे सांगत नाही. सुश्रुत वाचणारेही कीटण काढून घेत नाहीत, हा भाग वेगळा.)

घरोघरी एक समजूत आहे, की दात साफ करून घेतले की ते ढिले होतात. खोडाळ्याइतकीच ती दादर-डोंबिवलीतही आहे. खरे कारण असे की कीटणाने एकमेकांना चिकटलेले दात आधीच सैल झालेले असतात. भिंत पोकळ झाली तरी गिलाव्याने उभी दिसते, तसे. गिलावा काढल्यावर पोकळी कळते. पुढच्या काही आठवड्यांत सूज उतरली की हिरडी बऱ्याच अंशी दाताला पुन्हा बिलगते. पण मधल्या आठवड्यांत माणूस घाबरून शेजाऱ्याला सांगतो, आणि शेजारी आयुष्यभर दवाखान्याची पायरी चढत नाही.

खोडाळा मोखाडा तालुक्यातले मोठे बाजाराचे गाव. २०११च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या ८३ हजारांच्या आसपास होती. दहातले नऊ आदिवासी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण जवळ येईल असे सांगितले गेले. खोडाळ्याहून मोखाडा, जव्हार करत पालघर गाठायचे, तर आजही शंभराहून अधिक किलोमीटर होतात. त्यामुळे दुखणे अंगावर आले की माणूस जिल्ह्याच्या ठिकाणाऐवजी इगतपुरी-घोटीकडून नाशिक धरतो. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. परंतु आपल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या आखणीत दंतवैद्य सर्वसाधारणपणे ग्रामीण रुग्णालयाच्या पायरीवर येतो, त्याखाली नाही. म्हणजे खुर्ची तालुक्याला. ती हलत नाही; हलायचे ते हिरडी सुजलेल्या माणसाने. केंद्र सरकारचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे, शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करणाऱ्या पथकांच्या यादीत दात किडणे आहे. कागदावर काही नाही असे नाही.

देशात दंतवैद्य कमी आहेत असेही नाही. तीनशेच्या वर दंत महाविद्यालये आहेत, नोंदणी झालेले दंतवैद्य तीन लाखांहून अधिक. शहरात एका गल्लीत तीन दवाखाने, म्हणून तर पाट्यांची चढाओढ.

या तालुक्यात दातांचे कसले कौतुक, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. १९९२-९३ मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतले बालमृत्यू वाचकांना आठवत असतील. २०१६ मध्ये मोखाड्याचे नाव पुन्हा त्याच कारणाने वर्तमानपत्रांत आले. जिथे मूल जगवण्याची लढाई आहे, तिथे आजीच्या हलणाऱ्या दाताला कोण विचारतो? मात्र नागलीची भाकरी ही काही पावाची लादी नव्हे. दाढा गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती पाण्यात कालवून गिळावी लागते, आणि हळूहळू भात-पेज एवढ्यावरच जेवण येते. शेंगा, चणे, सुकी मासळी ताटातून जाते. चणे आहेत तर दात नाहीत ही म्हण आपण गंमतीने वापरतो. इथे चणेही मोजकेच असतात. कुपोषणाच्या आकड्यांत म्हातारी माणसे धरली जात नाहीत, म्हणून ती कुपोषित नसतात असे नव्हे.

दुसरा धागा मशेरीचा. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांवर-हिरड्यांवर चोळायची. महाराष्ट्रात हे मुख्यतः बायकांचे व्यसन; त्याला व्यसन मात्र कोणी म्हणत नाही, दात घासणे म्हणतात. राखुंडी वापरणारी आजी आणि मशेरी लावणारी आजी एकाच ओट्यावर बसलेल्या असतात आणि पाहणाऱ्याला फरक कळत नाही. बाजारात रानभाजी विकणाऱ्या एका मावशींना मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “साहेब, ती लावल्याबिगर हात कामाला लागत नाय. भूक पण मरते.” भूक मरते हे त्यांनी गुण म्हणून सांगितले.

२०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरतात असे आढळले. धूम्रपान करणारे अवघे ६ टक्के. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून. घरच्या तव्याला कायदा लागू होत नाही. मशेरी जिथे चोळली जाते तिथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडे पडते. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिनधुराची तंबाखू, म्हणजे बहुतेक वेळा मशेरीच, वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. ज्या तालुक्यात बाळाचे वजन हाच चिंतेचा विषय आहे, तिथे १०५ ग्रॅम थोडे नाहीत. इथे एक खुलासा केलेला बरा. गरोदरपणी हिरड्या साफ करून घेतल्या की अकाली बाळंतपण टळते, असे अधूनमधून छापून येते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, आठशेहून अधिक स्त्रियांवरच्या अमेरिकी चाचणीत तसे दिसले नाही. इलाज निर्धोक ठरला, हिरड्या सुधारल्या, पण बाळंतपणाची तारीख बदलली नाही. बाळासाठी बदलायची आहे ती मशेरी.

मधुमेहाचे नाते मात्र पक्के आहे आणि दोन्ही बाजूंनी आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही. अनेक चाचण्या एकत्र करून २०२२ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की हिरडीच्या आतले कीटण काढल्यावर तीन-चार महिन्यांत रक्तातल्या साखरेची तिमाही सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरते. एखादे जोडीचे औषध जेवढे काम करते, त्याच्या आसपासचे हे काम आहे, तेही चाकू न लावता.

मग अडते कुठे? माझ्या मते पैशापेक्षा पंचांगाशी अडते. हिरडीचा इलाज एका दिवसाचा नसतो. एक-दोन बैठकांत कीटण काढायचे, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजायचे, मग दर तीन-चार महिन्यांनी बोलवायचे. स्वीडनमधल्या कार्लस्टाड येथे १९७० च्या दशकापासून तीस वर्षे माणसांना असे नियमाने बोलावून तपासले. तीस वर्षांत सरासरी दोन दातही गेले नाहीत. खोडाळ्याचा माणूस तीन महिन्यांनी कुठे असतो? भात आणि नागली खळ्यावरून घरात आली, दिवाळी झाली, की बिऱ्हाड पाठीवर घेऊन तो भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर किंवा रेतीवर जातो. होळीला चार दिवस परततो आणि पुन्हा जातो. पावसाच्या तोंडावर गावी येतो. डिसेंबरात शिबिर घ्यावे तर गावात म्हातारी-कोतारी आणि मुले. जूनमध्ये घ्यावे तर लावणी. आलेला एकदा येतो, दुसऱ्या खेपेला त्याचा पत्ता वीटभट्टीचा असतो. अशा माणसाला दात काढून टाकणे परवडते, कारण ते एका खेपेत होते. शिबिरांत काढलेल्या दातांचा आकडा मोठा दिसतो आणि वाचवलेल्या दातांचा आकडा कोणी लिहून ठेवत नाही, यामागचे गणित हे आहे.

बँकांना हे गणित फार पूर्वी उमगले. पीककर्जाचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला मागून चालत नाही. तो सुगीला बांधावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या २००४ पासूनच्या नियमांतही इतर कर्जाला नव्वद दिवसांची मुदत आणि शेतीच्या कर्जाला पिकाच्या हंगामांची, असा भेद केलेला आहे. शहरातला दंतवैद्य ज्या नव्वद दिवसांनी बोलावतो, ते नव्वद दिवस पगारदाराचे आहेत. खोडाळ्यात पहिली बैठक गणपती-नवरात्राच्या सुमारास, कापणीपूर्वी, फेरतपासणी दिवाळीनंतर निघण्याआधी, तिसरी होळीला, चौथी पेरणीपूर्वी, अशी आखणी केली तर वर्षाला चार भेटी जमतात. यासाठी नवा निधी लागत नाही, नवे वेळापत्रक लागते. होळीच्या चार दिवसांत सुट्टी न घेणारा डॉक्टर लागतो, हे खरे.

आणि हे काम करायला दर वेळी डॉक्टरच हवा काय? दंतवैद्यांविषयीच्या १९४८च्या कायद्यातच दंत-आरोग्यकांची, म्हणजे कीटण काढणे आणि घासायला शिकवणे हेच काम असलेल्यांची, वेगळी नोंदवही होती. ती आपण कधी भरलीच नाही. दंतवैद्यांचे पीक काढले आणि त्यांच्या हाताखालची माणसे घडवायची राहिली. दुसरीकडे याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. त्यांच्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले, तेव्हा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरलेला होता. पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ती पद्धत आली. न्यूमोनिया ओळखू शकणारी आशाताई हिरडीतले रक्त ओळखू शकणार नाही, असे मला वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने शिबिरांसाठीच एक गोल टोकाची, खुणा केलेली सळई रूढ केलेली आहे. ती दात आणि हिरडी यांच्यामध्ये हलकेच घालून फट मोजतात. तिशीच्या आतल्या माणसांची या सळईने तपासणी झाली, तर चहामळ्यावरचे ते शंभरांतले आठ सापडतील. खोडाळ्यातून नाशिकच्या खुर्चीवर पाठवायची ती माणसे. बाकीच्यांचे काम आरोग्य केंद्रातच, हातातल्या अवजारांनी आणि निर्जंतुक करायच्या भांड्याने भागेल.

अर्थात आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे आणि मोबदला तुटपुंजा. आणखी एक रकाना वाढवून फुकटात काम करून घ्यायचे असेल, तर ते सुरूच न केलेले बरे. प्रत्येक फेरतपासणीमागे त्यांना पैसे द्यावेत. दात काढण्यामागे नव्हे, फेरतपासणीमागे.

ब्रशचा प्रश्न त्या मानाने सोपा वाटतो, पण एप्रिल-मे महिन्यांत तोही अवघड होतो. कोचाळ्याजवळच्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला पाणी जाते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. हंडाभर पाण्यात घर चालवणाऱ्या बाईला दोन वेळा चूळ भरा असे सांगताना सांगणाऱ्याचीच जीभ अडखळते. करंज-कडुनिंबाची काडी तिथे अजून आहे. नीट चावून कुंचला केला आणि हिरडीच्या कडेशी फिरवली, तर थर काढायला ती पुरते. तिला पाणीही कमी लागते. ब्रश फुकट वाटण्याचे कार्यक्रम आश्रमशाळांत होतात, फोटो निघतात. एक ब्रश तीन-चार महिन्यांत झिजतो. दुसऱ्या वाटपाची तारीख मी कोणत्याही फलकावर वाचलेली नाही.

जाताजाता वाचकांच्या घरातली गोष्ट. घासताना रक्त येते म्हणून त्या बाजूला ब्रश लावायचे सोडून देणारे प्रत्येक घरात एक तरी असतात. रक्त येते तिथेच थर साचलेला असतो. मऊ ब्रशने तिथेच जास्त वेळ घासायचे असते. आठवडा-दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबले नाही, तर आत कीटण आहे असे समजावे आणि पाटी न वाचता दवाखान्यात शिरावे. डॉक्टरांना एवढेच विचारावे, की फट किती मिलिमीटर आहे आणि कीटण काढल्यावर ती पुन्हा केव्हा मोजणार.